खासगी दवाखान्यातला टीबीचा रुग्ण : बेळगाव सीमाभागातल्या डॉक्टर, कंपाउंडर आणि मेडिकलवाल्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड या पट्ट्यात तीन आठवडे खोकणारा माणूस सहसा थेट सरकारी दवाखान्यात जात नाही. आधी मेडिकलमधून बाटली आणतो. मग गल्लीतल्या किंवा बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे जातो. तिथून एक्स-रेसाठी निपाणीला नाहीतर बेळगावला. तरी उतार पडला नाही की मिरज, कोल्हापूर, गडहिंग्लज. प्रत्येक मुक्कामावर नवी चिठ्ठी, नवे अँटिबायोटिक, आणि तोवर घरातल्या सगळ्यांना त्याच हवेत झोपायचे.

थुंकी सरकारी प्रयोगशाळेत पाठवली की पेशंट हातचा गेला, ही धास्ती अजून बऱ्याच डॉक्टरांना वाटते. प्रत्यक्षात राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात खासगी डॉक्टरचा रुग्ण त्याच्याकडेच राहू शकतो. तपासणी सरकारी, गोळ्या सरकारी, पण तपासणारा आणि विचारपूस करणारा डॉक्टर तुम्हीच. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच: वेळेत संशय घ्यायचा, थुंकी पाठवायची, नोंद करायची, वजनाप्रमाणे औषध द्यायचे आणि सहा महिने माणूस सुटू द्यायचा नाही. यातली एकही गोष्ट भारी डिग्रीची नाही. पण एक निसटली की बाकीच्यांचा उपयोग उरत नाही.

एकदाच करायची तयारी

अर्ध्या दिवसात उरकते. दवाखाना कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली (केपीएमई, २००७) नोंदलेला असतोच. त्याच कागदांवर निक्षय पोर्टलमध्ये (टीबी रुग्णांच्या नोंदीचे सरकारी संकेतस्थळ) दवाखान्याची नोंद करून घ्या, म्हणजे तुमचा स्वतःचा लॉगिन मिळतो. स्वतः करायला वेळ नसेल तर तालुक्याच्या टीबी युनिटमधला सीनियर ट्रीटमेंट सुपरवायझर (सगळे त्याला एसटीएसच म्हणतात) येऊन करून देतो. त्याचा आणि जिल्हा क्षयरोग कार्यालयाचा नंबर टेबलाच्या काचेखाली लावा. सीमेला लागून असाल तर चंदगड, गडहिंग्लज किंवा मिरजेच्या टीबी युनिटचाही एक नंबर ठेवा. तो किती कामाला येतो ते पुढे कळेल.

सामान थोडेच लागते: थुंकीच्या ट्यूब (कार्यालयाकडून मागवा), बरोबर दाखवणारा वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, पल्स ऑक्सिमीटर, साधे मास्क, एक वही. वजनकाट्यावर काटकसर नको. दोन किलोने चुकणारा काटा रुग्णाला चुकीच्या डोसच्या पट्ट्यात नेऊन बसवतो.

बसण्याची जागाही बघा. खोकणाऱ्याला खिडकीजवळ बसवायचे, मास्क द्यायचा आणि रांग मोडून आधी आत घ्यायचे. पंखा डॉक्टरच्या पाठीमागून रुग्णाकडे आणि पुढे खिडकीबाहेर वारा नेईल असा हवा. उलटा लावला तर रुग्णाचा खोकला थेट तुमच्या तोंडावर येतो. खानापूर भागात जून ते सप्टेंबर पावसाच्या झोतामुळे खिडक्या बंद असतात आणि वेटिंग रूमचे खोके होते. त्या महिन्यांत खोकणाऱ्यांना व्हरांड्यात पत्र्याखाली बसवणे हाच सर्वांत स्वस्त बंदोबस्त.

संशय कुणाचा घ्यायचा, आणि तोवर काय द्यायचे नाही

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, दोन आठवड्यांहून जास्त ताप, कारण नसताना वजन उतरणे, रात्री घाम, थुंकीत रक्त, छातीत दुखणे. यातले एक असले तरी थुंकी. मधुमेही, एचआयव्हीबाधित, टीबी रुग्णाच्या घरातला माणूस किंवा आधी टीबी होऊन गेलेला असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका.

आपल्या भागातले काही लोक जास्त धोक्यात आहेत. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायका अंधाऱ्या, तंबाखूच्या धुळीने भरलेल्या खोलीत दिवसभर बसतात आणि खोकला 'तंबाखूचाच' म्हणून सोडून देतात. उद्यमबागच्या फाउंड्रीतला कामगार सिलिकाची धूळ ओढतो. सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसात टीबी लवकर शिरतो, आणि एक्स-रेवर दोन्हींचे डाग एकमेकांत मिसळतात. अशा माणसाचे निदान फिल्म उजेडाला धरून करू नका, थुंकी मागा. ऊसतोड टोळ्या, वीटभट्ट्यांवरची कुटुंबे, गोव्यात हॉटेल-बांधकामात एका खोलीत आठ-दहा जण राहणारी खानापूर तालुक्यातली पोरे, हेही त्याच यादीत.

आता नुकसानाचा भाग. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही क्विनोलोन गटातली औषधे टीबीच्या जंतूंवरही चालतात. 'छातीत कफ आहे' म्हणून पाच-सात दिवस दिली की ताप उतरतो, रुग्ण खूश होतो, थुंकीतले जंतू तात्पुरते कमी होतात आणि निदान महिनाभर लांबते. शिवाय उरलेले जंतू ज्या औषधाला सरावतात, ते औषध प्रतिरोधक टीबीत जिवाचा आधार असते. म्हणून टीबीचा संशय असेल तर थुंकी जाईपर्यंत क्विनोलोन नाही, लिनेझोलिड नाही, अमिकासिन-स्ट्रेप्टोमायसिन नाही. डेक्सामेथासोनचे इंजेक्शनही नाही. त्याने दोन दिवस भूक लागते, अंगात तरतरी येते, आणि आत रोग पसरत राहतो. जिवाणूंचा न्यूमोनिया वाटतोच आहे तर अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन द्या, पण थुंकी त्याच दिवशी पाठवा. 'आधी गोळ्या संपू दे, मग बघू' असे नको.

आणखी एक सवय मोडायला हवी. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर भारतात २०१२ सालापासून बंदी आहे. मँटू (कातडीत टोचून करायची तपासणी) आणि इग्रा (रक्ताची तपासणी) संसर्ग झालेला आहे का एवढेच सांगतात, आज आजार आहे का ते नाही. मोठ्या माणसाचे निदान त्यावर करू नका.

थुंकी : सर्वांत जास्त चुका इथेच

तपासणी कुठली मागायची? नॅट, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश मशीनवर शोधणारी तपासणी: सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन त्याला लागू पडते का, दोन्ही उत्तरे यात मिळतात. सीबीनॅट मशीनवर साधारण दोन तासांत. ट्रूनॅटवर जंतूचे उत्तर साधारण तासाभरात, रिफाम्पिसिनचे त्यानंतर आणखी तासाभराने. नुसती काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी बघणे) जंतू दाखवते, प्रतिरोध म्हणजे औषध लागू न पडणे दाखवत नाही.

नमुने दोन घ्या. एक आत्ता, दवाखान्यात आल्यावर. दुसरा उद्या सकाळी उठल्या-उठल्या. रुग्णाला सांगायचे असे:

१. साध्या पाण्याने चूळ भरा. पेस्ट नको, माउथवॉश नको.
२. बाहेर उघड्यावर जा. संडासात, बंद खोलीत किंवा वेटिंगमध्ये थुंकायचे नाही.
३. दोन वेळा खोल श्वास घेऊन सोडा. तिसरा श्वास घेऊन छातीतून जोराने खोका.
४. वर आलेला बेडका सरळ ट्यूबमध्ये. निदान दोन मिलिलिटर हवा, म्हणजे तळाशी बोटाचे एक पेर भरेल एवढा.
५. झाकण घट्ट लावा. बाहेरून पुसून घ्या.

कंपाउंडरने ट्यूब उजेडात धरून बघावी. पाण्यासारखी पातळ, फेसाळ, नितळ असेल तर ती लाळ. परत मागायची. घट्ट, पिवळट-हिरवट किंवा रक्ताचा डोरा असलेली असेल तर ठेवायची. बायका लोकांपुढे खाकरायला लाजतात आणि लाळ देऊन मोकळ्या होतात. 'अक्का, घाई नाही, मागच्या परसात जावा, थोडे कोमट पाणी पिऊन बघा,' असे नर्सने म्हटले की काम होते.

नाव आणि तारीख ट्यूबच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. प्रयोगशाळेत चार ट्यूबची झाकणे एकाच वेळी निघाली की झाकणावरच्या नावाला अर्थ राहत नाही. नमुना शक्यतो त्याच दिवशी पाठवा, नाहीतर फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवा. स्कूटरच्या डिकीत दुपारभर तापलेला नमुना गेला असेल तर नकारात्मक रिपोर्टवर विसंबू नका.

सोबतच्या चिठ्ठीवर एवढे हवे: नाव, वय, गाव-तालुका-राज्य, दोन फोन नंबर, लक्षणे किती दिवस, आधी टीबीची औषधे घेतली होती का, मधुमेह किंवा एचआयव्ही आहे का, 'नॅट हवी', आणि खाली ठळक अक्षरात: 'उपचार आमच्याकडे, रिपोर्ट या नंबरवर'. ही शेवटची ओळ नसली की रुग्ण थेट दुसरीकडे जोडला जातो आणि मग डॉक्टर रागावतो.

मानेतल्या गाठी, छातीतले पाणी, मणका, मेंदू अशा टीबीत नमुना मिळवणे अवघड असते. तिथे एक गोष्ट सर्जनला आधी फोन करून सांगा: गाठीचा तुकडा दोन बाटल्यांत घ्यायचा. एक फॉर्मलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा साध्या सलाइनमध्ये, नॅट आणि कल्चरसाठी. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवला की जंतू मरतो, कल्चर उगवत नाही आणि प्रतिरोध कधीच कळत नाही. ऑपरेशन झाल्यावर ही चूक भरून काढता येत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

'टीबी आढळला, रिफाम्पिसिन प्रतिरोध नाही': नेहमीचा उपचार सुरू करा. दुसऱ्या नमुन्यावर आयसोनियाझिडचा प्रतिरोध तपासला जातो (एलपीए). तो रिपोर्ट नंतर येतो आणि बरेचदा कुणी बघतच नाही. वहीत वेगळा रकाना ठेवा.

'रिफाम्पिसिन प्रतिरोध आढळला': इथे खासगी दवाखान्याने स्वतः काही सुरू करू नये. त्याच दिवशी जिल्हा क्षयरोग कार्यालयाला फोन. बेडाक्विलिनसारखी औषधे मेडिकलमध्ये मिळत नाहीत, ती कार्यक्रमातूनच मिळतात. बेडाक्विलिन, प्रिटोमानिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन हा सहा महिन्यांचा नवा उपचार २०२४ मध्ये भारतात मंजूर झाला आहे, त्यामुळे 'दोन वर्षे इंजेक्शने' ही जुनी भीती रुग्णाच्या डोक्यातून काढा.

'एरर' किंवा 'इनव्हॅलिड' म्हणजे नकारात्मक नव्हे. नवा नमुना पाठवा. 'ट्रेस' (जंतूचा अगदी थोडा अंश) आला आणि माणसाला गेल्या काही वर्षांत टीबी होऊन गेलेला असेल तर तो जुन्या मेलेल्या जंतूंचाही असू शकतो. छातीतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

नकारात्मक आला, पण संशय फिटत नाही? एक्स-रे, पुन्हा चांगला नमुना, आणि गरज पडली तर बेळगावातल्या मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागात. 'बघू तर खरे' म्हणून टीबीच्या गोळ्या चालू करणे हा सर्वांत वाईट मार्ग. बरे वाटले तरी कशाने वाटले ते कळत नाही. रिफाम्पिसिन इतर जंतूंवरही चालते.

निक्षयमध्ये नोंद

टीबीची नोंद खासगी डॉक्टरला २०१२ सालापासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने प्रयोगशाळा आणि मेडिकल दुकानेही त्यात आली, आणि नोंद न करणे शिक्षेला पात्र ठरले. नोंदीसाठी डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचाराचा शेवट कळवल्यावर आणखी ५०० रुपये मानधन आहे. पण खरे कारण पैसे नव्हेत. निक्षय आयडी मिळाल्याशिवाय रुग्णाला गोळ्या, पोषणाचे पैसे, प्रतिरोधाची तपासणी आणि दुसऱ्या जिल्ह्यात बदली, यातले काहीच सुरळीत चालत नाही.

नवी नोंद करण्याआधी फोन नंबरने शोधा. मिरजेत निदान झाले, तिथल्या रुग्णालयाने नोंद केली, गावी आल्यावर तुम्ही परत केली, की एकाच माणसाचे दोन आयडी होतात. एकात उपचार चालू, दुसऱ्यात 'रुग्ण सापडत नाही'. सीमाभागात हे फार होते.

पत्ता भरताना राज्य, जिल्हा आणि टीबी युनिट रुग्ण प्रत्यक्ष राहतो तिथले निवडा, दवाखान्याचे नाही. शिनोळीचा माणूस बेळगावात दाखवायला येतो, पण राहतो महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. पत्ता बेळगाव टाकला तर इकडची आशा त्याला शोधत फिरते आणि तिकडच्या आशेला त्याचा पत्ताच नसतो.

आधी टीबी झाला होता का, निदान कशावर केले (नॅट, काचपट्टी, की फक्त लक्षणे-एक्स-रे), फुफ्फुसाचा की दुसरीकडचा, एचआयव्ही आणि साखरेचा रिपोर्ट, वजन, उपचार सुरू केल्याची तारीख हे सगळे त्याच दिवशी भरा. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. सुरुवातीला तीन महिन्यांचे ३००० आणि ८४ दिवसांचा उपचार झाल्यावर उरलेले ३०००. पैसे अडकतात ते बहुधा खात्यामुळे. आपल्याकडे बऱ्याच बायकांचे खाते गल्लीतल्या पतसंस्थेत असते. ते चालत नाही. बँकेचे, आयएफएससी असलेले, बंद न पडलेले खाते लागते. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकवर दुसरे, तरीही अडते. पहिल्याच दिवशी पासबुकचे पहिले पान मागवा आणि आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर घरचे खरा पत्ता द्यायला कचरतात, मामाचा देतात. दामटून उपयोग नाही. 'घरी कुणी येणार नाही, विचारपूस इथेच होईल,' असे सांगून एसटीएसला तसे बजावून ठेवा. पत्ता खरा मिळतो.

औषध सुरू करताना

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी तब्बल ८० वेगवेगळ्या पद्धतींची औषधे लिहून दिली होती. आता पद्धत एकच आहे: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन औषधे, रोज. एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. दोन महिन्यांनंतरच्या गोळीत पायराझिनामाइड नसते, बाकी तेच. मोठ्या माणसाला रोजच्या गोळ्या वजनावर:

२५ ते ३४ किलो : २
३५ ते ४९ किलो : ३
५० ते ६४ किलो : ४
६५ ते ७५ किलो : ५
७५ च्या वर : ६

बाजारातले चार औषधांचे रोजचे किट बहुधा ठरलेल्या मापाचे असते: रिफाम्पिसिन ४५०, पायराझिनामाइड १५००. ते ६२ किलोच्या फाउंड्री कामगाराला दिले तर त्याला ६०० च्या ऐवजी ४५० रिफाम्पिसिन मिळते. तेच किट ३३ किलोच्या बाईला दिले तर ८०० च्या जागी १५०० पायराझिनामाइड पोटात जाते, आणि तिसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे होऊन ती परत येते. म्हणून सरकारी गोळ्या घ्या. त्या तुमच्या रुग्णालाही मोफत मिळतात, एसटीएस दवाखान्यात आणून देतो. वजन वाढून पट्टा बदलला तर गोळ्याही बदला. मुलांच्या गोळ्या आणि माप वेगळे आहेत. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

पहिल्या दिवशीच ठरवायचे, घरी ठेवायचे की दाखल करायचे. बीएमआय १४ किंवा त्याखाली, किंवा १६ पर्यंत आणि पायाला सूज. श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त. ऑक्सिजन ९४ च्या खाली. आधाराशिवाय उभे राहता येत नाही. यातले एकही असेल तर दाखल करा. टीबीने होणारे बरेच मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात, आणि वर लिहिलेले मोजायला पाच मिनिटे पुरतात.

खाण्याकडे दुर्लक्ष नको. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात (त्याचे प्रमुख संशोधक मंगळूरच्या मेडिकल कॉलेजातले) रुग्णाच्या घरच्यांना जादा धान्य आणि डाळ दिल्यावर घरात नवा टीबी होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. 'दूध-अंडी खा' एवढे म्हणून सोडू नका. रोज दोन भाकरी जादा, शेंगदाण्याची चटणी किंवा कूट, मटकीची उसळ, परवडेल तसे अंडे. निक्षय मित्रांकडून (टीबी रुग्णांना स्वेच्छेने मदत करणारे दाते) धान्याचा किट मिळतो का ते एसटीएसला विचारा.

गोळ्यांचा त्रास : काय चालते, काय नाही

औषध देतानाच सांगा की लघवी केशरी होईल. ते रिफाम्पिसिनमुळे, त्यात धोका काही नाही. हे सांगितले नाही की लोक 'उष्णता वाढली' म्हणून गोळ्या बंद करतात. मळमळ झाली तर गोळ्या हलक्या खाण्यानंतर किंवा रात्री झोपताना चालतील. सांधे दुखले तर बहुधा पायराझिनामाइडमुळे, पॅरासिटामॉल पुरते. हातापायाला मुंग्या येत असतील तर पायरिडॉक्सिन.

गोळ्या तिथेच थांबवून त्याच दिवशी परत यायचे ते यासाठी: डोळे किंवा लघवी गर्द पिवळी, सततची उलटी, नजर धूसर होणे किंवा लाल-हिरव्यातला फरक न कळणे, अंगावर पुरळ उठून तोंड सोलणे. लिव्हरची एन्झाइम त्रासासह तिपटीच्या वर किंवा त्रास नसताना पाचपटीच्या वर गेली तर सगळी औषधे बंद. पुन्हा सुरू करायची ती एकेक करून आणि तज्ज्ञाच्या देखरेखीत. दारू पिणाऱ्याला पहिल्या दिवशीच स्पष्ट विचारा आणि सुरुवातीचा लिव्हर रिपोर्ट काढून ठेवा.

रिफाम्पिसिन बाकी औषधांचा जोर कमी करते. गर्भनिरोधक गोळ्या फसतात, बाईला दुसरा उपाय सांगा. साखरेच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या कमी पडतात, साखर वाढते. इन्सुलिनचा विचार करा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्याचे आयएनआर (रक्त गोठण्याचे माप) दर आठवड्याला बघा.

सहा महिने माणूस धरून ठेवणे

पहिल्या आठवड्यात एक फोन, पंधरा दिवसांनी भेट, मग दर महिन्याला वजन. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी थुंकी, सहाव्याच्या शेवटी थुंकी. ही तपासणी काचपट्टीची करा, नॅटची नको. नॅट मेलेले जंतूही पकडते आणि बरा होत असलेला माणूस घाबरतो. दुसऱ्या महिन्याला काचपट्टी अजून सकारात्मक असेल तर प्रतिरोधाची तपासणी पुन्हा पाठवा. खाणे चांगले असूनही पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढत नसेल तर तोही धोक्याचा इशारा समजा.

माणूस निसटतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला गेला, अंगात ताकद आली, कामावर हजेरी सुरू. 'बरे वाटते म्हणजे बरे झाले नाही' हे त्याला औषध देतानाच सांगा, निसटल्यावर नाही. सलग महिनाभर गोळ्या सुटल्या तर जिथे सोडले तिथून पुढे चालू करू नका. नवा नमुना, नवी नॅट, मग निर्णय.

ऊसतोड टोळी कारखान्याच्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला येते, मार्चच्या आसपास जाते. सहा महिन्यांचा उपचार त्यात बसत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: 'हंगाम कधी उठणार? नंतर कुठे?' मूळ गावचा तालुका, मुकादमाचा नंबर आणि गावी राहणाऱ्या नातेवाइकाचा नंबर, तिन्ही लिहून घ्या. निक्षयवरची बदली टोळी उठायच्या आधी करा. ट्रॅक्टर गेल्यावर केलेली बदली सहसा कुणाच्या हाताला लागत नाही. निघताना महिन्याच्या गोळ्या सोबत द्या आणि आयडी कागदावर मोठ्या आकड्यात. फोन बदलतो, कागद पासबुकात राहतो.

गोव्यात कामाला जाणाऱ्यांचे वेगळे. ती मुले गणपतीला, यात्रेला, शिमग्याला येतातच. पुढच्या भेटीची तारीख त्या सणांवर ठेवा, कॅलेंडरच्या मंगळवारवर नको. मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर गोळी घेताना दाखवायला सांगितले तर बरेच जण ऐकतात.

सरकारी पत्रके इथे कन्नडमध्ये येतात. मराठी घरात ती तशीच घडी करून ठेवली जातात. गोळ्यांचे माप, धोक्याची लक्षणे आणि पुढची तारीख मराठीत एका पानावर छापून ठेवा. कन्नड वाचणाऱ्यांसाठी सरकारी पत्रक आहेच. शंका असेल तर रुग्णाने १८०० ११ ६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.

घरातले बाकीचे

फुफ्फुसाचा टीबी निघाला की घरातल्या प्रत्येकाला एकदा बघा. लक्षणे असतील तर थुंकी, नसतील तर एक्स-रे. आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक उपचार: रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड-रिफापेंटिनचे १२ डोस. पाच वर्षांखालच्या पोरांच्या बाबतीत हयगय नको. त्यांच्यात आजार थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बारा आठवड्यांचा उपचार लोक पुरा करतात, सहा महिन्यांचा बरेच जण अर्ध्यावर सोडतात. त्यामुळे मिळत असेल तर पहिला विचार बारा डोसचाच. आजार नाही याची खात्री न करता हे दिले तर ते अर्धवट उपचार होतात, आणि अर्धवट उपचारातून प्रतिरोध तयार होतो.

मेडिकल दुकानदारांसाठी थोडेसे

टीबीची औषधे शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत येतात. रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध आणि संख्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षे जपायची. चिठ्ठीशिवाय 'मागचीच द्या' म्हणणाऱ्याला गोळ्या देऊ नका, एसटीएसला कळवा. आणि तेच गिऱ्हाईक महिन्यात तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागायला आले तर बाटलीऐवजी दवाखान्याचा पत्ता द्या.

शेवटची नोंद

सहाव्या महिन्याची थुंकी स्वच्छ आली की निक्षयमध्ये निकाल भरा. निदान जंतू दिसून झाले असेल तरच 'बरा झाला'. निदान लक्षणांवर किंवा एक्स-रेवर झाले असेल तर 'उपचार पूर्ण'. मेंदू आणि हाडांच्या टीबीत उपचार सहा महिन्यांवर थांबवू नका, तज्ज्ञ सांगेल तेवढे वाढवा. पुढे सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी एकेक भेट. या भेटींना रुग्णाने उपचाराच्या शेवटची एक्स-रे फिल्म आणायची. टीबी गेल्यावरही फुफ्फुसात डाग राहतो आणि पुढच्या एखाद्या खोकल्यात तोच डाग बघून कुणीतरी पुन्हा चार औषधे लिहून देईल. जुनी फिल्म हातात असली की डाग वाढलाय का तसाच आहे ते दोन मिनिटांत कळते.